अंगावर यंत्र बांधण्यापूर्वी : डिजिटल साधनांच्या वैद्यकीय संशोधनात प्रथमच सहभागी होणाऱ्यांसाठी

औषधाच्या चाचणीत भाग घेणे म्हणजे ठरलेल्या दिवशी रुग्णालयात जाणे, रक्त देणे, डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तरे देणे आणि गोळ्यांची बाटली घेऊन घरी परतणे, असे चित्र अनेकांच्या मनात असते. आता त्या चित्रात मनगटावरचे घड्याळ, दंडावर चिकटवलेला साखरेचा सेन्सर, छातीवरची ईसीजीची पट्टी, घरी ठेवायचे रक्तदाबाचे यंत्र आणि रोज संध्याकाळी प्रश्न विचारणारे मोबाइल अ‍ॅप यांची भर पडली आहे. निफाड किंवा कळवणहून नाशिकला येण्यात ज्याचा अख्खा दिवस जातो, त्याच्यासाठी ही सोय मोठी आहे. मात्र या सोयीबरोबर एक गैरसमजही घरात शिरतो आणि तो सर्वांत घातक आहे, असे माझे मत आहे: यंत्र सतत माहिती पाठवते, म्हणजे पलीकडे कोणीतरी ती सतत पाहत असणार, असे सहभागी व्यक्ती आणि तिचे कुटुंबीय गृहीत धरतात. बहुतेक चाचण्यांत तसे नसते. माहिती साठवली जाते, आठवड्याने किंवा महिन्याने तपासली जाते, कधी कधी तर चाचणी संपल्यावरच एकत्र पाहिली जाते. पुढच्या पायऱ्या वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवावी.

पहिली पायरी : बोलावणे कशाचे आहे ते ओळखावे

डॉक्टरांनी, चाचणीचे रोजचे काम पाहणाऱ्या ओळखीच्या एखाद्या कोऑर्डिनेटरने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या निरोपाने आपल्याला संशोधनात येण्याचे सुचवले, तर ते संशोधन नेमके कोणत्या प्रकारचे आहे हे आधी विचारावे. काही चाचण्यांत तपासले जाते ते औषध, आणि यंत्र केवळ मोजमापासाठी असते. काहींत यंत्र किंवा अ‍ॅप हेच तपासले जात असते, म्हणजे त्याचे आकडे चुकू शकतात हे संशोधकांनाही मान्य असते. तिसऱ्या प्रकारात रुग्णांनी स्वतः पुढाकार घेऊन प्रश्न ठरवलेला असतो. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

त्यानंतर सीटीआरआय क्रमांक मागावा. भारतात होणाऱ्या चाचण्यांची ही सार्वजनिक नोंदवही आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, राष्ट्रीय वैद्यकीय सांख्यिकी संस्थेने २० जुलै २००७ रोजी सुरू केली. औषध महानियंत्रकांनी १५ जून २००९ पासून ही नोंदणी सक्तीची केली आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला सहभागी घेण्यापूर्वीच नोंदणी झालेली असावी, असा नियम आहे. क्रमांकात सीटीआरआय ही अक्षरे, मग वर्ष, महिना आणि अनुक्रमांक असतो. तो संकेतस्थळावर टाकला की चाचणीचे नाव, प्रायोजक, चाचणीची ठिकाणे, तेथील प्रमुख संशोधक आणि सहभागींचे हित जपण्यासाठी चाचणीची छाननी करणाऱ्या नैतिकता समितीच्या मंजुरीची स्थिती दिसते. येथे एक साधी तपासणी करावी: ठिकाणांच्या यादीत नाशिकचे ते रुग्णालय आणि आपल्याशी बोलणाऱ्या डॉक्टरांचे नाव आहे का? पुण्या-मुंबईच्या केंद्रांची नावे असून नाशिकचे नसेल, तर खुलासा मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. औषधाच्या चाचणीत सहभागी होण्यासाठी कोणी नोंदणी शुल्क किंवा यंत्राची अनामत मागत असेल, तर तेथून सरळ उठून यावे.

दुसरी पायरी : संमतीपत्र घरी आणून वाचावे

नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम २०१९ मध्ये लागू झाले. त्यांनुसार माहितीपत्रक आणि संमतीपत्र सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत असले पाहिजे, वाचता न येणाऱ्या व्यक्तीसाठी निःपक्ष साक्षीदार हवा, आणि सही झालेल्या संमतीपत्राची प्रत सहभागी व्यक्तीला मिळाली पाहिजे. त्यावर नैतिकता समितीच्या अध्यक्षांचा संपर्कही असतो. मराठी प्रत मागायला संकोच करू नये. सुरगाणा-पेठ भागातील घरांत बोलली जाणारी कोकणा किंवा वारली बोली छापील मराठीपेक्षा जवळची असेल, तर ती बोलणाऱ्या माणसाकडून सर्व मजकूर समजावून घ्यावा. सही त्याच बैठकीत केलीच पाहिजे असा कोणताही नियम नाही.

संमतीपत्रे लांबलचक असतात, आणि यंत्राविषयीचा मजकूर बहुधा शेवटच्या पानांवर असतो. तो वाचताना पुढील गोष्टींची उत्तरे शोधावीत आणि सापडली नाहीत तर विचारावीत.

माझ्या यंत्रातील माहिती कोण, केव्हा पाहणार? रात्री दोन वाजता साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरली, तर कोणाला कळेल: फक्त मला, की कोऑर्डिनेटरलाही? आकडा ठरावीक मर्यादेबाहेर गेल्यावर फोन येणार असेल, तर ती मर्यादा कोणती आणि रविवारी किंवा सणाच्या दिवशी काय होणार? या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट शब्दांत मिळेपर्यंत सही करू नये, असे मी आग्रहाने म्हणेन. ‘आमची टीम लक्ष ठेवून असते’ हे उत्तर पुरेसे नाही.

दुसरा प्रश्न, मोजमापाखेरीज आणखी काय काय गोळा होते. पावले मोजणाऱ्या अ‍ॅपने ठिकाणाची परवानगी मागितली, तर कधी कधी त्यामागे तांत्रिक कारण असते. काही फोनवर ब्लूटूथ यंत्र शोधण्यासाठीच ती परवानगी लागते. परंतु संपर्कयादी किंवा मायक्रोफोन कशासाठी, हे विचारलेच पाहिजे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमतीची विनंती घटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय मिळावा आणि संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणे सोपे असावे, असे हा कायदा सांगतो. संशोधनासाठी त्यात काही अटींवर सूट आहे, त्यामुळे ‘माझी सर्व माहिती पुसून टाका’ ही मागणी चाचणीत नेहमी मान्य होईलच असे नाही. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते. मात्र तोपर्यंत जमा झालेली माहिती बहुतेक ठिकाणी विश्लेषणात ठेवली जाते. हे आधीच समजून घेतलेले बरे.

पैशांचे प्रश्न छोटे वाटतात, पण घरातली कुरबूर त्यांवरूनच होते. यंत्र हरवले किंवा पाण्यात पडले तर भरपाई कोणाची, नेटपॅकचा खर्च मिळणार का, प्रवासखर्च कसा मिळणार, हे लेखी असावे.

तिसरी पायरी : फोन कोणाचा, हे ठरवावे

आपल्याकडे एका घरात एकच स्मार्टफोन असणे आणि तो मुलाच्या खिशात असणे ही नेहमीची गोष्ट आहे. मुलगा सकाळी सातला अंबडच्या कंपनीत पहिल्या पाळीला जातो, अ‍ॅपचा प्रश्न आठ वाजता येतो आणि आईची नोंद दुपारी तीननंतर मुलाच्या अंदाजाने भरली जाते. अशी नोंद संशोधनाच्या दृष्टीने कोऱ्या जागेपेक्षाही वाईट, कारण ती खरी दिसते. घरात स्वतंत्र फोन नसेल तर तसे पहिल्याच भेटीत सांगावे. अनेक चाचण्यांत फोनही पुरवला जातो किंवा कागदी नोंदवहीची मुभा असते. नोंदणीचा ओटीपी कोणाच्या क्रमांकावर येतो तेही पाहावे, कारण दुखणे घरच्यांपासून खासगी ठेवायचे असेल तर त्या क्रमांकावर येणारा प्रत्येक संदेश ते उघड करू शकतो.

फोन ठरल्यावर कोऑर्डिनेटरसमोर बसूनच पुढील गोष्टी करून घ्याव्यात. तारीख आणि वेळ आपोआप जुळणारी ठेवावी, कारण हाताने लावलेले घड्याळ दहा मिनिटे पुढे असेल तर गोळी घेतल्याची वेळ आणि नाडीचा आलेख एकमेकांशी जुळत नाहीत. बॅटरी वाचवण्याच्या सोयीतून चाचणीचे अ‍ॅप वगळावे. अनेक अँड्रॉइड फोन पडद्यामागे चालणारी अ‍ॅप काही वेळाने बंद करतात आणि ‘सेन्सर बिघडला’ या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा हेच असते. फोनचा कीबोर्ड मराठी असेल तर अ‍ॅप १२० हा देवनागरीत लिहिलेला आकडा स्वीकारते का, हे तिथेच एकदा लिहून पाहावे. शेवटी खोटी नोंद म्हणून एक पूर्ण फेरी करून ती केंद्राच्या संगणकावर पोचल्याचे डोळ्यांनी पाहूनच उठावे.

चौथी पायरी : आकडा कसा तयार होतो ते समजून घ्यावे

तंत्रज्ञांच्या भाषेत शिरण्याची गरज नाही. तीन प्रश्न पुरतात. सेन्सर जे टिपतो ते बरोबर टिपतो का, त्यावरून सूत्राने काढलेला आकडा बरोबर आहे का, आणि त्या आकड्याचा रुग्णाच्या जगण्याशी काही संबंध आहे का? बाजारात लोकप्रिय असलेली पुष्कळ साधने तिसऱ्या प्रश्नाशी अडखळतात. उलट उदाहरणही आहे. ड्यूशेन या स्नायूंच्या आनुवंशिक आजारात मुलांना रुग्णालयाच्या मार्गिकेत सहा मिनिटे चालायला लावत; त्या दिवशी मूल रुसले किंवा थकले तर मोजमाप फसे. घोट्याला बांधलेल्या सेन्सरने रोजच्या चालण्यातील सर्वांत वेगवान पावलांचा वेग मोजण्याची पद्धत युरोपीय औषध संस्थेने २०१९ मध्ये औषधाचा परिणाम ठरवण्याचा दुय्यम निकष म्हणून आणि २०२३ मध्ये प्रमुख निकष म्हणून मान्य केली.

अ‍ॅपल हार्ट स्टडीत चार लाख एकोणीस हजारांहून अधिक लोक सहभागी झाले होते आणि त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. अनियमित नाडीची सूचना मिळालेले लोक केवळ ०.५२ टक्के होते. त्यांपैकी ज्यांनी नंतर ईसीजीची पट्टी लावून परत पाठवली, त्यांच्यातील सुमारे ३४ टक्के लोकांमध्ये त्या काळात एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा एक विकार, आढळले. घड्याळाने सूचना दिली म्हणजे निदान झाले असे नाही, आणि सूचना आली नाही म्हणजे हृदय निरोगी असेही नाही, हे यावरून घ्यावे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरबद्दलही तसेच. कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ऑक्सिजनची खरी कमतरता या यंत्रांतून निसटण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होते, असे अमेरिकेतील एका अभ्यासाने २०२० मध्ये दाखवले. सावळ्या त्वचेच्या आपल्या लोकांनी ‘हे यंत्र आमच्यासारख्या माणसांवर तपासले आहे का’ असे विचारण्यात उद्धटपणा नाही.

पाचवी पायरी : मोजण्याची सवय लावून घ्यावी

येथे थोडे तपशिलात जाऊ, कारण चाचणीचे यश किंवा अपयश घरातल्या या दहा मिनिटांत ठरते. पंचवटीतल्या एका आजींना रक्तदाब मोजायचा आहे असे समजा. देवपूजा आटोपून, जिना चढून, चहा घेऊन त्या पलंगाच्या कडेला बसतात, लुगड्याच्या चोळीवरूनच पट्टा बांधतात, हात मांडीवर ठेवतात आणि नातवाला ‘टीव्ही बारीक कर’ असे सांगत बटण दाबतात. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आकडा बदलते. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री आणि श्रम टाळावेत, लघवीला जाऊन यावे, पाठीला टेका देऊन खुर्चीत पाच मिनिटे शांत बसावे, पाय जमिनीवर सरळ ठेवावेत, पट्टा उघड्या दंडावर बांधावा आणि हात टेबलावर अशा रीतीने ठेवावा की पट्टा हृदयाच्या पातळीला येईल. हात खाली लोंबकळत असेल तर आकडा जास्त येतो. पट्टा दंडाच्या मानाने लहान असला तरी जास्त येतो. मोजताना बोलू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजावे आणि दोन्ही आकडे जसेच्या तसे ठेवावेत. चांगला तेवढाच लिहिण्याचा मोह फार मोठा असतो, विशेषतः डॉक्टर रागावतील अशी भीती असते तेव्हा.

साखरेचा सेन्सर रक्तातील साखर मोजत नाही, तर त्वचेखालील पेशींभोवतीच्या द्रवातील साखर मोजतो. त्यामुळे जेवणानंतर किंवा कष्टानंतर साखर झपाट्याने बदलत असताना त्याचा आकडा बोटातून काढलेल्या रक्ताच्या काही मिनिटे मागे राहतो. दोन्ही आकडे वेगळे आले तर लगेच यंत्राला दोष देऊ नये. झोपेत त्या कुशीवर दाब आला तर साखर खोटीच खाली गेलेली दिसू शकते. द्राक्षबागेत काम करणाऱ्यांनी घाम आणि फवारणीच्या कपड्यांच्या घर्षणाने चिकटपट्टी सुटण्याची शक्यता आधीच सांगून जादा पट्टी मागून घ्यावी. छाटणीच्या हंगामात कात्री चालवणाऱ्या हातावरचे घड्याळ नसलेली पावलेही मोजू शकते, म्हणून ते दुसऱ्या मनगटावर बांधायचे का, हे केंद्राला विचारून ठरवावे आणि एकदा ठरले की बदलू नये. निफाडच्या डिसेंबरातल्या पहाटे गार पडलेल्या बोटाला ऑक्सिमीटर लावण्यापूर्वी हात चोळून गरम करावेत, नेलपॉलिशही काढावे.

यंत्र काढून ठेवले तर ते का काढले आणि केव्हा, याची वहीत एक ओळ लिहावी. ज्या रिकाम्या जागेचे कारण कळले आहे, ती संशोधकाला समजून घेता येते. सुरगाणा, पेठ, हरसूल या भागांत नेटवर्क जाते-येते. म्हणून अ‍ॅप ऑफलाइन किती दिवसांची माहिती साठवते ते विचारून बाजारच्या दिवशी किंवा जेथे रेंज मिळते तेथे ती पाठवावी.

सहावी पायरी : त्रास झाला तर फोन करावा

अ‍ॅपमध्ये ‘छातीत दुखते’ यावर टिचकी मारणे म्हणजे डॉक्टरांना कळवणे नव्हे. तातडीचा त्रास असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळच्या रुग्णालयात जावे आणि तेथे चाचणीचे ओळखपत्र दाखवावे. चाचणीचे केंद्र दूर असेल तर तिकडेच जाण्याचा हट्ट धरू नये. त्यानंतर लगेच संशोधकांना फोन करावा, कारण गंभीर घटनेची माहिती त्यांनी २४ तासांच्या आत औषध नियंत्रक यंत्रणा, प्रायोजक आणि नैतिकता समिती यांना द्यायची असते. चाचणीदरम्यान इजा झाल्यास ती चाचणीमुळे झाली नाही हे सिद्ध होईपर्यंत, किंवा गरज असेपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोवर मोफत उपचार मिळण्याचा हक्क २०१९च्या नियमांत आहे. दुकानातून घेतलेल्या नेहमीच्या औषधाचा दुष्परिणाम असेल तर औषध सतर्कता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतःही कळवू शकतो.

रुग्णांनी स्वतः पुढाकार घेतलेले संशोधन

हे केवळ हौशी लोकांचे काम आहे, अशी समजूत असल्यास ती सोडून द्यावी. दीर्घ कोविडची, म्हणजे संसर्गानंतर महिनोन्महिने टिकणाऱ्या त्रासाची, लक्षणे जगापुढे नीट मांडणाऱ्या सुरुवातीच्या मोठ्या सर्वेक्षणांपैकी एक रुग्णांनीच केले होते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ५६ देशांतील ३,७६२ जणांची माहिती होती. मधुमेहाच्या रुग्णांनी व पालकांनी सेन्सर आणि इन्सुलिन पंप जोडणारी, कोणालाही वापरता येईल अशी मुक्त संगणक प्रणाली आधी घरी बनवली, आणि पुढे तशाच प्रणालीची रीतसर यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली) चाचणी होऊन तिचे अनुकूल निष्कर्ष २०२२ मध्ये आले. रुग्णांच्या संशोधनाने खोटी आशाही वेळीच मोडली आहे. एएलएस या स्नायू चालवणाऱ्या मज्जापेशी निकामी करणाऱ्या आजारात लिथियम हे औषध उपयोगी पडते असे एका छोट्या अभ्यासावरून वाटू लागल्यावर पेशंट्सलाइकमी या संकेतस्थळावरील दीडशेच्या आसपास रुग्णांनी ते घेऊन नोंदी ठेवल्या. तशाच स्थितीतील इतर रुग्णांशी तुलना केल्यावर उपयोग होत नसल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

एकट्याने सुरुवात करायची असेल तर प्रश्न लहान आणि निरुपद्रवी निवडावा. संध्याकाळी सहानंतरचा चहा सोडल्याने माझी झोप सुधारते का, हा चांगला प्रश्न आहे. रक्तदाबाची गोळी अर्धी केली तर काय होते, हा प्रश्न डॉक्टरांशिवाय हाती घेऊच नये. काय मोजणार आणि किती फरक पडला तर ‘उपयोग झाला’ म्हणणार, हे सुरू करण्यापूर्वी तारीख घालून लिहावे. मग एक आठवडा चहासह आणि एक आठवडा चहाविना अशा चार-पाच जोड्या कराव्यात आणि प्रत्येक जोडीत आधी कोणता आठवडा येणार हे नाणे उडवून ठरवावे. प्रत्येक आठवड्याचे पहिले दोन दिवस हिशेबात धरू नयेत, म्हणजे आधीच्या आठवड्याचा परिणाम ओसरतो. एवढी खटपट कशासाठी, असे वाटेल. माणूस उपाय शोधायला लागतो तो त्रास टोकाला गेल्यावर, आणि टोकाला गेलेला त्रास पुष्कळदा आपोआपच थोडा उतरतो. त्या उतरणीचे श्रेय त्याच आठवड्यात सुरू केलेल्या काढ्याला मिळते. एकदाच करून पाहिलेल्या प्रयोगात हा भ्रम ओळखता येत नाही.

इतरांची माहिती गोळा करायची झाल्यास मात्र नियम बदलतात. सोसायटीच्या किंवा थायरॉइडच्या रुग्णांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात गुगल फॉर्म फिरवून नावे, फोन क्रमांक आणि रिपोर्टचे फोटो मागवणे योग्य नाही. ज्या संस्थेत नोंदणीकृत नैतिकता समिती आहे, तेथील एखाद्या अध्यापकाला सोबत घ्यावे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच असल्याने आणि त्याला जोडलेली वैद्यकीय, आयुर्वेद, परिचर्या महाविद्यालये जिल्ह्यात असल्याने, लघुसंशोधनासाठी विषय शोधणारे विद्यार्थी व मार्गदर्शक येथे मिळण्याची शक्यता चांगली आहे. त्यांच्याकडे जाताना प्रश्न, मोजण्याची पद्धत आणि संमतीचा मसुदा एका पानावर लिहून न्यावा. नावांऐवजी संकेतांक वापरावेत, आणि नाव व संकेतांक जोडणारी यादी वेगळ्या ठिकाणी, एकाच जबाबदार व्यक्तीकडे ठेवावी. लहान गटात ‘सिन्नर, वय ४१, शिक्षिका, दुर्मीळ आजार’ एवढ्या तपशिलावरूनही माणूस ओळखू येतो, हे विसरू नये.

शेवटची भेट

चाचणी संपताना यंत्र परत दिल्याची पावती घ्यावी. फोनमधून अ‍ॅप काढण्यापूर्वी सर्व नोंदी पोचल्या आहेत ना, ते केंद्राकडून तपासून घ्यावे. त्यानंतर परवानग्या रद्द कराव्यात, ब्लूटूथ जोडणी तोडावी, खाते बंद करण्याची विनंती लेखी द्यावी आणि मगच अ‍ॅप काढावे. आपल्या मोजमापांची प्रत नेहमीच्या डॉक्टरांसाठी मागावी. चाचणीतले औषध लागू पडले असेल तर ते पुढे मिळणार का, निष्कर्ष कधी आणि कोठे प्रसिद्ध होणार, आपण औषधाच्या गटात होतो की तुलनेच्या, हे केव्हा कळणार, हे प्रश्न त्याच भेटीत विचारून उत्तरे संमतीपत्राच्या प्रतीवर तारखेसह लिहून ठेवावीत आणि तो सीटीआरआय क्रमांकही जपून ठेवावा, कारण चाचणीची पुढची स्थिती त्याच क्रमांकावर पाहता येते.